पान सात, ओळ अकरा

कथा आहे आठच पानांची.
आमच्या त्रैमासिकात याहून जास्त जागा
कुणाच्याच दुःखाला मिळत नाही.
माटिया नावाचा पोरगा, त्रिएस्तेच्या वरच्या खडकाळ गावातला,
हात नवा, स्वल्पविराम मुठीनं फेकलेले.
मी चष्मा पुसते, लाल पेन्सिलीला टोक काढते.
बाहेर बोरा सुटलाय,
खिडकीची काच थंडीतल्या दातांसारखी वाजतेय.

कथेत एक सासू आहे. वाईट नाही.
सुनेला सूप वाढते, मीठ पुरे का, दोनदा विचारते.
फक्त तिला नेझा म्हणत नाही.
आन्येझे म्हणते. इटालियनमध्ये तेच नाव,
जिभेला सोपं.
बस्. सबंध कथेत एवढंच.
शिवी नाही, दगड नाही, दारसुद्धा आपटत नाही.
पोरानं कुठंही 'द्वेष' लिहिलेलं नाही.
सासू नाव बदलते
आणि पुढच्याच ओळीत बटाटे सोलायला घेते.

मला वाटलं, यात काही घडतच नाही.
मग पान चारवर मुलगा मरतो,
अर्ध्या वाक्यात.
उरलेलं अर्धं
त्याचे बूट कुणाला द्यायचे, यावर.
पान पाच, पान सहा: दोघी बायका
एकाच टेबलाशी शर्टांच्या घड्या घालतात
आणि बाह्या कुठं दुमडायच्या, एवढंच बोलतात.

त्यांच्या लिपीत काही अक्षरांच्या डोक्यावर
एक बारीक खूण असते,
लांबवर उडणाऱ्या पक्ष्याएवढी.
आमच्यात नसते.
पान सात, ओळ अकरा:
पेन्शनच्या अर्जावर सून सही करते,
आणि नेझाच्या नावावर पक्षी नाही.

तीस वर्षांची सवय. मी तो काढला.
समासात रेघ, रेघेच्या टोकाला खूण.
पान उलटलं.
पान आठवर सासू अर्ज हातात घेते,
उजेडाशी नेते,
म्हणते, "इथं काही राहिलंय का गं?"
कथा तिथंच संपते.

माझी दुरुस्ती छापली गेली असती
तर त्या म्हातारीला विचारायला
काही उरलंच नसतं.

माझ्या खणात एक कात्रण आहे, अकरा वर्षांपूर्वीचं.
फुल्व्हिओ, माझा भाऊ. चार ओळी, काळी चौकट.
शोकाकुल पत्नी म्हणून जिचं नाव आहे
ती झिवा. तिच्या भाषेत याचा अर्थ, जिवंत.
पक्षी उडवून लावला की उरतं त्सिवा,
त्याला ना तिच्या भाषेत अर्थ, ना माझ्या.
मजकूर मी लिहिला. तपासलाही मीच.
ती खूण त्यांच्या टंकात नव्हती, असं सांगितलं सगळ्यांना.
होती.
आईला बरं वाटावं म्हणून केलं.
नाही, हेही खरं नाही.

झिवा काही बोलली नाही.
दफनाच्या वेळी वाऱ्यात माझ्या कोटाचं
वरचं बटण तिनं लावून दिलं,
आणि तेव्हापासून नाताळचं कार्डसुद्धा नाही.
मी कधी मोजलं नव्हतं. आज मोजलं.

पावणेसहा. सहाला पानं छापखान्यात जातील.
ओळ अकराखाली मी ठिपके देते.
आमच्या धंद्यात त्याचा अर्थ:
जसं आहे तसं राहू दे.
समासातली माझी रेघ रबरानं पुसते,
थोडा लाल डाग राहतो.

कात्रणाखाली ठिपके देता येत नाहीत.

एक पाकीट घेते. हाताशी दुसरं काही नाही,
म्हणून त्याच पेन्सिलीनं तिचं नाव.
पहिला पक्षी उलटा आला, छपरासारखा.
खोडला. शेजारी दुसरा काढला.
आत काय घालायचं ते अजून ठरलेलं नाही.
पत्ता तरी तोच असेल का, कुणास ठाऊक.